इथेनॉलसाठी ऊस लावायचा म्हणजे नक्की काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यात साडेचार एकर काळी जमीन, नदीवरच्या उपसा योजनेचं पाणी, तीन एकरांत आधीच ऊस. कारखान्याने डिस्टिलरी वाढवली आहे आणि गट ऑफिसचा माणूस सांगून गेलाय की यापुढे सगळं इथेनॉलवर चालणार, तेव्हा उरलेल्या दीड एकरातलं सोयाबीन-हरभरा मोडून तिथेही ऊस करा. तर इथेनॉलसाठी वेगळी जात लावावी का, त्याला वेगळा दर मिळेल का, आणि हे इंधन खरंच हिरवं आहे का?

आधी उत्तर, मग कारणं. जात वेगळी शोधू नका, वेगळ्या दरावर भिस्त ठेवू नका आणि तो दीड एकर मोडू नका. आहे त्या तीन एकरांत एकरी साखर वाढवा आणि तेवढ्याच उसाला लागणारं पाणी कमी करा. मी एका सहकारी कारखान्याच्या शेतकी विभागात एकतीस वर्षं काढली, आता घरचा पाच एकर ऊस बघतो. दोन्ही बाजूंनी बघून हे सांगतोय.

सुरुवात उसाच्या आत काय असतं तिथून करू, कारण जातीचा प्रश्न तिथेच सुटतो. उसाच्या रसात साखर एकाच जातीची नसते. मुख्य साखर सुक्रोज. तिच्यासोबत थोडी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ऊस कोवळा असेल, युरिया जास्त झाला असेल किंवा तोडून पडून राहिला असेल तर या दुसऱ्या दोघी वाढतात. साखर कारखान्याच्या पॅनमध्ये दाणा धरतो तो फक्त सुक्रोजचा. बाकीच्या साखरा दाणा धरत नाहीत, उलट जाताना थोडी सुक्रोज ओढून मोलॅसिसमध्ये, म्हणजे साखर काढून उरलेल्या दाट पाकात, घेऊन जातात. म्हणून कारखाना आजवर ‘प्युरिटी’साठी, म्हणजे रसातल्या सुक्रोजच्या प्रमाणासाठी, जीव टाकत आला. डिस्टिलरीतल्या यीस्टला मात्र हा भेद नाही. सुक्रोज असो, ग्लुकोज असो, फ्रुक्टोज असो, ते सगळं खातं आणि अल्कोहोल करतं.

फर्मेंटरजवळ, म्हणजे रस आंबवायच्या टाकीजवळ, कधी उभे राहिला नसाल तर एकदा गट ऑफिसला सांगून जाऊन या. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना मी मुद्दाम न्यायचो. टाकीच्या झाकणाच्या काचेतून बघितलं की तपकिरी फेस उकळल्यासारखा वर येत असतो, पण हात लावला तर टाकी नुसती कोमट. यीस्ट श्वास सोडतंय, त्या कार्बन डायऑक्साइडचे ते बुडबुडे. आंबलेल्या पिठाचा वास नाकात बसतो. दीड-दोन दिवसांत त्या रसात आठ-दहा टक्के अल्कोहोल तयार होतं. मग ते उकळून, वाफ धरून 95 टक्क्यांपर्यंत नेतात. त्याच्यापुढे नुसत्या उकळण्याने पाणी सुटत नाही, म्हणून वाफ बारीक छिद्रांच्या मण्यांतून काढतात. मणी पाणी धरून ठेवतात आणि 99 टक्क्यांच्या वरचं कोरडं इथेनॉल मिळतं. पेट्रोलमध्ये हेच चालतं. पाणी राहिलं तर टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं.

आता याचा तुमच्या जातीशी संबंध. कोइमतूरची को 86032, जिला आपण नीरा म्हणतो, आणि पाडेगावची कोएम 0265, म्हणजे फुले 265, यांच्यातला जुना वाद तुम्हाला माहीत असेलच. 86032 चा उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे निघणारी साखर, चांगला; खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा येणारं पीक, चांगला; म्हणून कारखान्याची लाडकी. 265 वजनाला जड, चोपण जमिनीतही तग धरते, म्हणून शेतकऱ्याची लाडकी. पण हंगामाच्या सुरुवातीला तोडली तर उतारा पडतो, म्हणून बऱ्याच कारखान्यांनी ती नोंदवायलाच नाही म्हटलं होतं. इथेनॉल आल्यावर काही लोक म्हणू लागले की आता प्युरिटी लागत नाही, आता 265 चं राज्य. यात अर्धं खरं आहे. थोडी ग्लुकोज जास्त असली तर यीस्टला चालतं, हे खरं. पण मुळात एकूण साखरच कमी असेल तर यीस्ट ती कुठून आणणार? एक किलो साखरेपासून चांगल्या डिस्टिलरीत सहा-सव्वासहाशे मिलिलिटरच्या आतच इथेनॉल निघतं. पाण्यापासून ते निघत नाही. अकरा महिन्यांची कोवळी 265 वजनाला भरते ती पाण्याने, आणि ते पाणी डिस्टिलरीला पुन्हा कोळसा नाहीतर बगॅस (उसाचा चोथा) जाळून उडवावं लागतं.

म्हणून इथेनॉलचा ऊस आणि साखरेचा ऊस असे दोन ऊस आज आपल्याकडे नाहीत. परदेशात ‘एनर्जी केन’ म्हणून जास्त तंतूच्या, रानउसाच्या रक्ताच्या जाती घेतात, त्या बॉयलरला आणि चोथ्यापासून इथेनॉल करणाऱ्यांना सोयीच्या. तुमच्या काट्यावर अशा उसाला कोणी विचारणार नाही. तुमच्या काळ्या जमिनीला 86032 ठेवा, नाहीतर 265 लावायचीच असेल तर ती आडसाली (पावसाळ्यात) किंवा पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरात) लावा आणि तेरा-चौदा महिने पुरे झाल्याशिवाय तोड घेऊ नका. कोणतीही जात घ्या, बेणं मात्र नऊ-दहा महिन्यांच्या बेणे मळ्यातलं घ्या. खोडव्याच्या उसाची टिपरी, म्हणजे तुकडे, बेणं म्हणून लावणं ही आपल्या भागातली सगळ्यात महागडी काटकसर आहे. काणी आणि गवताळ वाढ हे रोग त्याच बेण्यातून शेतात येतात, आणि पुढची तीन वर्षं निघत नाहीत.

आता दराकडे येतो. इथे तुम्ही नीट लक्ष द्या, कारण गट ऑफिसचा माणूस हे सांगणार नाही. त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.

एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलला वळवला तर साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. साखर पूर्ण काढून शेवटच्या, म्हणजे सी हेवी मोलॅसिसपासून केलं तर टनामागे दहा-अकरा लिटर. मधला रस्ता बी हेवीचा: साखर काढताना एक टप्पा आधी थांबायचं, थोडी साखर मोलॅसिसमध्येच राहू द्यायची, मग वीस लिटरच्या आसपास इथेनॉल, पण साखरेचा उतारा साधारण दीड टक्क्याने खाली येतो. 2022-23 च्या इथेनॉल वर्षात केंद्राने रसाच्या इथेनॉलला 65 रुपये 61 पैसे आणि बी हेवीच्या इथेनॉलला 60 रुपये 73 पैसे दर ठरवला. 2024-25 पर्यंत हे दोन्ही दर तिथेच राहिले; सी हेवीचा तेवढा वाढून 57 रुपये 97 पैसे झाला. याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,050 वरून 3,400 झाली आणि 2025-26 साठी 3,550. कच्चा माल वाढला, पक्का माल जागचा हलला नाही.

तुम्हीच हिशेब मांडा. 70 लिटर गुणिले 65.61 म्हणजे टनामागे 4,593 रुपये. तोच ऊस साखरेला गेला आणि साडेअकरा टक्के उताऱ्याने 115 किलो साखर पडली, कारखान्याला किलोमागे समजा 37 रुपये मिळाले, तर 4,255. वर सी हेवीचं दहा लिटर इथेनॉल धरलं तर आणखी 580. म्हणजे साखरच थोडी पुढे. मग कारखाने इथेनॉलकडे का धावतात? रोख पैशासाठी. साखर गोदामात पडून राहते आणि तिच्यावर बँकेचं व्याज चढतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या तीन आठवड्यांत देतात. त्या रोख पैशातून तुमची एफआरपी चौदा दिवसांत देता येते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर 15 टक्के व्याजाची तरतूदही आहे. ते व्याज कितीजणांच्या हातात पडलं हे तुम्ही गावात विचारून बघा. इथेनॉलने शेतकऱ्याला दिलेली खरी गोष्ट म्हणजे वेळेवर बिल. ती लहान गोष्ट नाही. मी थकीत बिलांची वर्षं पाहिली आहेत. गट ऑफिसच्या पायरीवर लग्नाची पत्रिका हातात घेऊन बसलेले बाप पाहिले आहेत.

पण वेळेवर बिल वेगळं आणि जास्त बिल वेगळं. तुमचं बिल ठरतं एफआरपीवर, आणि एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. तुमचा तेरा टक्के उताऱ्याचा ऊस आणि शेजाऱ्याचा नऊचा ऊस एकाच काट्यावर एकाच दराने जातो. रस किंवा बी हेवी इथेनॉलला वळवल्यामुळे उतारा कमी दिसला तर तेवढी घट परत धरून दर काढायचा असतो आणि ती घट किती हे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट प्रमाणित करते. म्हणून वार्षिक सभेत एकच प्रश्न विचारा: इथेनॉलसह उतारा किती आणि तो कशावरून काढला? अहवालात दोन आकडे असतात, आपण नेहमी पहिलाच वाचतो.

नफ्याच्या वाटणीचं सूत्र बघायचं तर रंगराजन समितीने 2012 मध्ये ते मांडलं: साखर आणि पहिल्या पायरीचे उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), यांच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा उसाला, किंवा नुसत्या साखरेचा 75 टक्के. यात मोलॅसिस मोजलं जातं, त्याच्यापासून झालेलं इथेनॉल नाही. डिस्टिलरीत जो भाव वाढतो तो सूत्राच्या बाहेर राहतो. कारखाना म्हणतो डिस्टिलरीचं कर्ज आमच्या डोक्यावर आहे, आणि ते खोटं नाही. पण कर्ज फिटल्यावर काय, हे आजच लिहून घेण्यासारखं आहे.

ब्राझीलमध्ये हे कसं करतात ते सांगतो. तिथे 1973 च्या तेलसंकटानंतर 1975 साली सरकारने ‘प्रोआल्कोल’ कार्यक्रम सुरू केला, 1979 पासून नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी विकल्या जाऊ लागल्या, 2003 पासून पेट्रोल-इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. हे सगळे सांगतात. पण शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. साओ पाउलो राज्यात कारखानदार आणि ऊस उत्पादक यांची मिळून ‘कोन्सेकाना’ नावाची व्यवस्था आहे. गाडी आली की उसाचा नमुना काढतात, त्यात टनामागे एकूण किती किलो साखर निघू शकते ते मोजतात आणि त्या किलोला दर देतात. तो दर साखरेच्या आणि इथेनॉलच्या, दोन्हींच्या बाजारभावावर बांधलेला असतो. म्हणजे गोड ऊस आणणाऱ्याला त्याच्या गोडीचे पैसे. आपल्याकडे वजनाचे पैसे मिळतात, म्हणून आपला शेतकरी वजन पिकवतो, आणि मग कारखाना म्हणतो उतारा पडला. इथेनॉलसाठी ऊस पिकवा असं सांगणाऱ्यांनी आधी प्रत्येक गाडीचा नमुना काढायची सोय करावी. मी नोकरीत असताना हे लिहून दिलं होतं. तेव्हा खर्चाचं कारण मिळालं. आज तेवढ्याच खर्चाची यंत्रं डिस्टिलरीत दर महिन्याला येतात.

तोवर मोजणी आपल्याच हातात आहे. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं यंत्र, घ्या. किंमत युरियाच्या काही पोत्यांएवढी, चार भावांत मिळून घेतला तरी चालेल. दसऱ्यानंतर दर पंधरवड्याला शेतात फिरा. बांधाकडेचे ऊस सोडा, त्यांना ऊन जास्त मिळतं, ते खोटं सांगतात. आत जाऊन पंधरा-वीस ऊस निवडा. बुडख्याच्या दुसऱ्या पेराला, मध्यावर आणि शेंड्याकडच्या कांडीला टोच मारून एक-एक थेंब काचेवर घ्या, झाकण लावा, उजेडाकडे धरा. निळ्या-पांढऱ्याची रेघ ज्या आकड्यावर आहे तो ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचं माप. बुडख्याला 21 आणि शेंड्याला 15 असेल तर ऊस अजून कच्चा, वाढं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, अजून साखर वापरतंय. फरक एक-दोनवर आला की ऊस तयार. शेंडा बुडख्याच्या वर गेला तर ऊस उतरणीला लागला, तोडीसाठी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे लागा. हे आकडे तारखेसह वहीत लिहा. माझ्या वहीत बारा वर्षांचे आहेत, आणि तोडीचा कार्यक्रम पुढे-मागे करून घेताना ती वही माझ्या तोंडापेक्षा जास्त चालते.

एका गोष्टीत मात्र हेच यंत्र फसवतं. एका फेब्रुवारीअखेर माझ्या एकरभर उसाची तोड झाली आणि वाहन चार दिवस आलं नाही. पहिल्या दिवशी बुडख्याचा ब्रिक्स 21 होता, चौथ्या दिवशी 24. शेजारी म्हणाला, बघा, साखर वाढली की! मी टिपरू मोडून दाखवलं. कापल्या तोंडाला आंबूस वास येत होता आणि बोटाला तार सुटत होती. उन्हाने पाणी उडालं म्हणून आकडा चढला. आत सुक्रोज फुटत होती आणि जिवाणू तिची चिकट तार करत होते. ती तार दाणा धरत नाही आणि यीस्टही ती खात नाही, म्हणजे साखरेलाही गेली आणि इथेनॉललाही गेली. वजन घटलं ते वेगळंच. ‘डिस्टिलरीला काय, शिळा ऊसही चालतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला ते टिपरू दाखवा. तोडलेला ऊस चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, मग त्याचं पुढे काहीही करा. तोडही जमिनीलगत हवी. सगळ्यात गोड दोन बोटं बुडख्यातच असतात आणि तीच आपण शेतात ठेवून येतो. टोळीच्या मुकादमाला खुशाली देतोच आहोत, तर ती कोयता खाली लावण्यासाठी द्या.

साखर वाढवायची तर खताचा हात आवरा. सुरू उसाला, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या उसाला, हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद, 115 पालाश ही शिफारस. एकराला 100, 46, 46. 100 किलो नत्र म्हणजे नुसत्या युरियात मोजलं तर 45 किलोची पाच पोती. आपल्या भागात आठ-दहा पोती पडतात, आणि मोठ्या बांधणीनंतरही, म्हणजे उसाला मातीची शेवटची भर दिल्यावरही, कोणीतरी पहारीने टाकतोच. त्या उशिराच्या नत्राने ऊस हिरवागार राहतो, पक्व होत नाही, लोळतो, आणि साखर ग्लुकोजमध्ये अडकून राहते. मोठ्या बांधणीला शेवटचा हप्ता, त्यानंतर युरियाचं पोतं घरीच ठेवा. पालाश मात्र चुकवू नका. पानातली साखर कांडीत उतरवण्याचं काम तेच करतं. तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा.

आता हिरव्या इंधनाचा प्रश्न. यावर मी बराच विचार केला आहे, आणि माझं मत कोणाला आवडो न आवडो, ते सांगतो.

उसाच्या बाजूने पहिली गोष्ट: बगॅस. उसाच्या वजनाचा 28 ते 30 टक्के ओला चोथा उरतो, तो बॉयलरला जातो, त्याच वाफेवर कारखाना आणि डिस्टिलरी चालते, वर वीज उरते. मक्याच्या डिस्टिलरीला जळण बाहेरून आणावं लागतं. म्हणून खनिज इंधनाच्या मापात उसाचं इथेनॉल मक्याच्या कितीतरी पुढे आहे. पेट्रोलशी तुलना करताना इतकं ध्यानात ठेवा की लिटरला लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाएवढीच ऊर्जा असते. दुसरी गोष्ट, डिस्टिलरीतून इथेनॉलच्या लिटरमागे आठ-दहा लिटर गडद स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. पूर्वी तो नदीत जायचा आणि मासे मरून वर यायचे. आम्ही लहानपणी पाहिलंय. आता तो बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि त्या राखेत जे पालाश असतं त्याचं दाणेदार खत होतं. 14.5 टक्के पालाशाचं हे खत आता खत नियंत्रण आदेशात आहे. आपला देश पालाश बाहेरून आणतो, आणि हे तर आपल्याच शेतातून गेलेलं पालाश. मिळालं तर जरूर घ्या.

विरुद्ध बाजू पाण्याची. 2001 साली केंद्राने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग तीन ठिकाणी केला, त्यातलं एक आपलं मिरज. दुसरं मनमाड, तिसरं उत्तर प्रदेशात. तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटला होता. पंधरा वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, त्याच मिरजेतून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला 2,860 लिटर पाणी लागतं असं दिलंय. भागाकार करा. त्या अख्ख्या रेल्वेच्या पाण्यात 175 लिटर इथेनॉल होतं. चार मोटारींच्या टाक्या. लातूरच्या लोकांनी त्या पाण्यासाठी रात्री जागून काढल्या होत्या. हा भागाकार मी ज्या दिवशी केला त्या दिवसापासून ‘ऊस वाढवा’ हे शब्द माझ्या तोंडून निघालेले नाहीत.

ब्राझीलचा बराचसा ऊस पावसावर येतो, पाट आणि मोटार यांच्यावर नाही. तिथलं गणित इथे जसंच्या तसं उचलता येत नाही. आपल्या सुरू उसाला पाटपाण्याने 250 सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकराला जवळजवळ एक कोटी लिटर. एकरी 40 टन निघाला तर 2,800 लिटर इथेनॉल, म्हणजे लिटरमागे साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी. ठिबक बसवून पाणी तीस टक्क्यांनी खाली आणलं आणि एकरी 60 टन काढला, तर तोच आकडा सतराशेच्या आत येतो. जात तीच, कारखाना तोच, डिस्टिलरी तीच. हे साठ टन हवेतले नाहीत, पाच फुटी सरी, एक डोळ्याची रोपं आणि ठिबकातून विभागून खत दिलेल्या काळ्या जमिनीत आपल्याच भागात अनेकांनी काढलेत. माझ्या दोन एकरांत एकदा अठ्ठावन्नपर्यंत गेलो.

आणि पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट पडतं. ते पेटवून दिलेल्या शेतातल्या उसाला हिरवं इंधन म्हणणं मला पटत नाही. पेट्रोलचा धूर वाचवायचा म्हणून आपण शेतात धूर करायचा, हा कुठला हिशेब? एकाआड एक सरीत पाचट दाबा, टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, बुडखे जमिनीलगत छाटा. खोडव्याच्या पाण्याच्या दोन-तीन पाळ्या वाचतात, तण दबतं, आणि दुसऱ्या वर्षी माती हाताला मऊ लागते.

धोरणाबद्दल एकच गोष्ट, कारण ती तुमच्या दीड एकराशी जोडलेली आहे. 2023 चा पाऊस कमी पडला, साखर कमी होईल अशी भीती झाली, आणि 7 डिसेंबर 2023 ला, गाळप ऐन रंगात असताना, केंद्राने रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्यात ती थोडी सैल करून 17 लाख टन साखरेइतकी मुभा दिली. बंदी पुढच्या वर्षासाठी उठली ती ऑगस्ट 2024 मध्ये. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली होती त्यांची बरीच यंत्रं तोवर बसून राहिली. दरम्यान मक्याचं इथेनॉल पुढे निघून गेलं. 2023-24 पासून धान्याचा वाटा उसापेक्षा मोठा आहे. 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य देशाने 2025 मध्ये गाठलं, पण त्यात ऊस आता थोरला भाऊ राहिलेला नाही. दुष्काळाच्या वर्षी सरकार आधी साखरेचा भाव बघणार, हे गृहीत धरा. कारखाना एका आदेशात रसावरून साखरेवर येऊ शकतो. तुम्ही एकदा आडसाली लावली की सोळा-अठरा महिने मागे येता येत नाही.

म्हणून हरभरा राहू द्या. उसाच्या फेरपालटाला तो दीड एकर लागणारच आहे. हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि सततच्या उसाने दमलेली जमीन यांच्यावर त्याच्याइतकं स्वस्त औषध माझ्याकडे नाही. सोयाबीन-हरभरा एका वर्षी या तुकड्यात, पुढच्या वर्षी खोडवा मोडलेल्या तुकड्यात, असं फिरवत न्या.

या वर्षी करायचं ते असं. पूर्वहंगामी लागण 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर, तेव्हा रोपं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच रोपवाटिकेत सांगून ठेवा, बेणं कुठल्या मळ्यातलं ते स्वतः जाऊन बघा. एका एकरापुरतंच ठिबक करा, अनुदान आलं नाही तरी झेपेल एवढं. मोटारीला पाण्याचं मीटर बसवा आणि त्याच वहीत ब्रिक्सशेजारी पाण्याचा आकडा लिहायला लागा. पुढच्या जानेवारीत पहिले तीन महिन्यांचे आकडे मला पाठवा, त्यावरून उरलेल्या दोन एकरांचं काय करायचं ते बसून ठरवू.